थंडीत नदी-कॅनॉलवर गळ टाकायचाय? इंग्लंडमधल्या हिवाळी कोर्स फिशिंगबद्दल सगळं, अगदी पहिल्यापासून

मी स्लाउला राहतो, घरापासून चालत दहा मिनिटांवर कॅनॉल आणि गाडी काढली की थोड्याच वेळात विंडसरची थेम्स, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस तरी मी रॉड घेऊन पाण्यावर असतोच आणि हिवाळ्यात तर जास्तच. इकडे नवीन आलेली आपली मुलं उन्हाळ्यात हौसेने रॉड घेतात, चार वेळा जातात, ऑक्टोबर संपताना घड्याळं एक तास मागे गेली की रॉड गॅरेजमध्ये जातो आणि मग म्हणतात थंडीत मासे लागत नाहीत. लागतात हो. पण उन्हाळ्यात आपण एका जागी बसून भरपूर खाद्य टाकतो आणि मासा आपल्याकडे येतो, हिवाळ्यात आपल्याला त्याच्या दारात जावं लागतं आणि तिथेही त्याला चिमूटभरच द्यावं लागतं. एवढं लक्षात नाही घेतलं तर दिवसभर कुडकुडून एकही ओढ न बघता घरी यायचं. गेली काही वर्षं जे करून बघितलं, चुकलो, परत केलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी कोर्स फिशिंग म्हणजे काय ते सांगतो कारण बरेच जण विचारतात. सॅमन आणि ट्राउट हे इकडे "गेम" मासे, बाकी गोड्या पाण्यातले रोच, चब, डेस, ब्रीम, पर्च, पाइक, बार्बेल वगैरे सगळे "कोर्स". रोच, चब, ब्रीम म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे लांबचे भाऊबंद. आणि दुसरा प्रश्न नेहमीचाच, खाता का? नाही, सोडून देतात. मी देवबागचा, लहानपणी खाडीवर गरी टाकून तांबोशी लागली की ती संध्याकाळी ताटातच यायची, त्यामुळे पहिल्यांदा हातातला मासा परत पाण्यात सोडताना मला खूप जड गेलं होतं. पण इथली पद्धत तीच आहे, जाळ्यात घ्यायचा, गळ काढायचा, बघायचा, सोडायचा, आणि आता मला त्यातच समाधान वाटतं, कारण तोच मासा पुढच्या वर्षी मोठा होऊन परत भेटतो.

कागदपत्रं आधी

इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षं आणि त्यापुढच्या कोणालाही रॉड लायसन्स लागतं, १३ ते १६ वयाला ते फुकट मिळतं पण काढावं लागतंच. १ दिवस, ८ दिवस किंवा १२ महिन्यांचं मिळतं, सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटात होतं. लायसन्स नसेल तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तपासायला माणसं खरंच येतात, जानेवारीत पण येतात.

पण लायसन्स काढलं म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही, इथे बहुतेकांची गफलत होते. प्रत्येक पाण्याचा मासेमारीचा हक्क कोणाचा तरी असतो, क्लबचा, कौन्सिलचा, शेतकऱ्याचा, नाहीतर कॅनॉल असेल तर बऱ्याच ठिकाणी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा, आणि त्यांनी तो पुढे क्लबला दिलेला असतो. म्हणून काठावरचा बोर्ड वाचायचा, डे तिकीट आधी घ्यायचंय का काठावर मिळतंय ते बघायचं. जवळच्या टॅकल शॉपमध्ये, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, जाऊन सरळ विचारणं सगळ्यात सोपं, आणि तिथे मिळणारी माहिती इंटरनेटपेक्षा ताजी असते.

तारखा पण पाठ करा. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, म्हणजे हिवाळ्याचा नदीवरचा शेवटचा दिवस १४ मार्च. बहुतेक कॅनॉलवर ही बंदी २००० सालापासून उठली आहे, काही राखीव पट्टे सोडून, म्हणजे तिथेही बोर्ड वाचायचाच.

कोणत्या दिवशी जायचं

माझ्या मते निम्मं यश इथेच ठरतं. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं थंड तेवढं त्याचं शरीर मंद चालतं, खाल्लेलं पचायला जास्त वेळ लागतो, म्हणून भूक कमी. पण नुसता आकडा बघून चालत नाही, तापमान बदलतंय कसं ते बघायचं. चार-पाच दिवस सलग पाणी ५ अंशावर असेल तर मासे त्याला सरावतात आणि थोडं थोडं खातात, पण काल ८ होतं आणि रात्री कडक फ्रॉस्ट पडून आज ५ झालं तर तो दिवस फुकट गेला असं समजा. म्हणून एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा, दोन मिनिटं पाण्यात सोडा आणि मगच काय करायचं ते ठरवा.

माझा ढोबळ हिशोब असा, ७ च्या वर असेल तर जवळजवळ सगळंच शक्य आहे, अगदी बार्बेल पण. ४ ते ६ असेल तर चब, रोच, डेस, पर्च, पाइक. ४ च्या खाली गेलं की मी फक्त चब किंवा पाइकच्या मागे जातो, जिथे ग्रेलिंग आहेत तिथे ग्रेलिंग, ते बिचारे कडाक्याच्या थंडीतही खातात. टेंच आणि कार्प नदी-कॅनॉलवर या दिवसात जवळजवळ विसरूनच जा.

सगळ्यात छान दिवस म्हणजे ढगाळ, ओलसर, नैऋत्येचा वारा, दोन-तीन दिवस हवा जरा उबदार झालेली. पूर्वेचा वारा सुटला की इथले म्हातारे मान हलवतात आणि माझाही अनुभव तोच आहे. निळं आकाश, लख्ख ऊन, पांढरं गवत हे फोटोला सुंदर दिसतं पण त्या दिवशी कॅनॉलवर दुपारपर्यंत काहीही हलत नाही.

नदीवर जायच्या आधी पाण्याची पातळी सरकारी साइटवर बघायची, जवळच्या स्टेशनचा ग्राफ दिसतो. पाणी चढत असेल तर जायचं नाही. गढूळ, थंड, चढतं पाणी, पालापाचोळा आणि फांद्या वाहून आणणारं, त्यात मासेमारी पण होत नाही आणि जीवालाही धोका. पाणी उतरायला लागलं, चहाच्या रंगावरून हळूहळू हिरवट व्हायला लागलं की ते दोन-तीन दिवस सोन्यासारखे. आणि बर्फ वितळून नदीत आलं असेल, त्याबरोबर रस्त्यावर टाकलेलं मीठ पण येतं, अशा दिवशी मी घरीच बसतो. थेम्सवर लॉकपाशी, म्हणजे होड्यांना वरच्या-खालच्या पाण्यात नेणाऱ्या दरवाज्यांपाशी, प्रवाहाचा जोर असला की लाल बोर्ड लावलेले असतात, ते होड्यांसाठी असतात खरे, पण लाल दिसला की आपणही समजून घ्यायचं.

एक गोष्ट अजून. डिसेंबरच्या मध्यात इकडे सूर्य चारच्या आतच मावळतो, आणि दिवसातला सगळ्यात चांगला वेळ बऱ्याचदा शेवटचा तास-दीड तास असतो. पहाटे अंधारात उठून जायची काही गरज नाही, आरामात नाश्ता करून अकराला निघा पण उजेड जाईपर्यंत थांबा. लोक नेमके उलटं करतात, सातला येतात आणि गारठून अडीचला निघून जातात.

नदीवर मासा कुठे असतो

स्थिर पाण्यात खाली खोलवर जरा उबदार थर राहतो कारण पाणी ४ अंशाला सर्वात जड असतं. पण वाहत्या नदीत सगळं घुसळलं जातं, वर-खाली तापमान जवळपास सारखंच, म्हणून नदीतला मासा ऊब शोधत नाही तर आसरा शोधतो. कमी ताकद घालवून जिथे उभं राहता येईल, आणि प्रवाहातून वाहत येणारं खाणं जिथे तोंडासमोरून जाईल अशी जागा.

ही जागा डोळ्यांनी ओळखता येते. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं तिथे पाण्यावर एक रेघ दिसते, त्याला इकडे क्रीज म्हणतात, त्या रेघेच्या संथ बाजूला मासे. वळणाची आतली बाजू. पाण्यावर झुकलेल्या विलोच्या खाली, आणि त्याच्या फांद्यांत अडकून कचऱ्याचा तराफा झाला असेल तर त्याच्या खाली चब असणारच. पुलाच्या खांबामागे, होड्या लावायच्या मरिनाच्या तोंडाशी, छोटा ओढा नदीला मिळतो तिथे. पाणी चढून उतरत असेल तर मासे एकदम काठाला लागून येतात, तुमच्या पायाजवळच्या संथ पाण्यात, अशा वेळी लांब कास्ट करणारे हात हलवत परत जातात.

केनेटसारख्या खडूच्या डोंगरातून येणाऱ्या नद्यांचं वेगळं असतं. त्यांचं पाणी जमिनीतल्या झऱ्यांचं, ते झऱ्यातून वर्षभर १०-११ अंशाच्या आसपासच निघतं, त्यामुळे वरच्या भागात हिवाळ्यात अशा नद्या पावसाच्या पाण्यावरच्या नद्यांपेक्षा उबदार राहतात. कडक थंडीच्या आठवड्यात मी तिकडे जातो.

चब आणि ब्रेड, सुरुवात इथून करा

हिवाळ्यात नदीवर पहिला मासा कोणता म्हणून विचाराल तर मी डोळे मिटून चब सांगेन. थंडीत खातो, मोठा होतो, आणि आमिष म्हणजे दुकानातला साधा पांढरा ब्रेड.

रॉड ११ फुटी, मऊ टोकाचा क्विव्हर टिपवाला. लाइन म्हणजे दोरा ५ पौंड वजन पेलणारा, फांद्या जास्त असतील तर ६. गळ ८ किंवा ६ नंबरचा, बार्ब म्हणजे उलटा काटा नसलेला. वजनासाठी लाइनचा एक छोटा तुकडा दुमडून त्याचा लूप मेन लाइनवर सरकता ठेवायचा आणि त्या लूपवर मोठे छर्रे चिमटायचे, प्रवाहाप्रमाणे दोन, तीन, चार, गळापासून साधारण दीड फुटावर. म्हणजे कुठे अडकलं तर छर्रे निघून येतात, मासा लाइन घेऊन अडकून पडत नाही. छर्रे शिशाचे नकोत, हंस गिळून मरायचे म्हणून १९८७ पासून इथे त्या मापाच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, दुकानात आता पर्यायी धातूचेच मिळतात, पण कोणी जुनी पेटी दिली तर बघून घ्या.

आता क्रम. शिळा ब्रेड घरून पाण्यात भिजवून, पिळून, कुस्करून एका डब्यात घ्यायचा. काठावर पोचल्यावर लगेच रॉड लावायचा नाही. आधी चालायचं. चार-पाच चांगल्या जागा निवडायच्या आणि प्रत्येक जागी प्रवाहाच्या वरच्या बाजूने लिंबाएवढा एक गोळा टाकून पुढे जायचं. शेवटची जागा झाली की परत पहिल्या जागेवर यायचं, तोपर्यंत तिथला मासा जरा धीट झालेला असतो. मग ताज्या ब्रेडच्या आतल्या मऊ भागाचा एक तुकडा गळाच्या दांडीभोवती घट्ट दाबायचा पण कडा मोकळ्या, फुललेल्या ठेवायच्या, टोक उघडं, आणि झाडाच्या जरा वर टाकून प्रवाहानेच आत जाऊ द्यायचं. ब्रेड दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, बदलत राहा.

एका जागी वीस मिनिटं. ओढ नाही आली तर उठायचं, दुसऱ्या जागी जायचं. हे सर्वात अवघड असतं कारण एकदा खुर्ची मांडली, चहा ओतला की उठवत नाही, म्हणून मी खुर्चीच नेत नाही, एक जाड फोमचा तुकडा बसायला नेतो. चालत राहिलं की अंग पण गरम राहतं. थंडीतली ओढ कधी कधी इतकी बारीक असते की टोक नुसतं थरथरतं, तिथे झटका मारायचा नाही, टोक दोन-तीन इंच नीट वाकलं की उचलायचा. आणि लागला की तो झाडाच्या मुळांकडेच धावणार हे धरून चालायचं, पहिली पाच सेकंदं लाइन द्यायची नाही.

एका जागेतून एक चब, फार तर दोन. तिसऱ्यासाठी तासभर थांबू नका.

ब्रेडला मासा नाही लागला तर चीज पेस्ट. निळं बुरशीचं चीज आणि तिखट चेडर किसून ब्रेडच्या चुऱ्यात मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल. हे सैल महत्त्वाचं आहे कारण थंड पाण्यात चीज घट्ट होतं, घरी मऊ वाटलेला गोळा नदीत दगड होतो आणि मग गळ त्यातून बाहेरच येत नाही. माझे पहिल्या हिवाळ्यात दोन मोठे चब असेच सुटले.

फ्लोटवर रोच आणि डेस

फ्लोट म्हणजे लाइनवरची पाण्यात तरंगणारी काडी. पाणी जरा साफ आणि संथ असेल तर हा फ्लोट प्रवाहात सोडायचा आणि त्याखाली मॅगट वाहत न्यायचे, त्यासारखी मजा नाही. मॅगट म्हणजे माशीच्या अळ्या, टॅकल शॉपमध्ये पाइंटच्या मापाने मिळतात. स्टिक फ्लोट, ३ पौंडांची लाइन, २० नंबरचा गळ, एक मॅगट. दर खेपेला खाद्य म्हणून उन्हाळ्यात पंधरा-वीस टाकतो तिथे आता पाच-सहा, पण नेमाने, प्रत्येक खेपेला आणि एकाच रेषेत. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, त्यामुळे फ्लोटला तसंच सोडलं तर आमिष खरं असायला पाहिजे त्यापेक्षा वेगाने धावतं आणि माशाला संशय येतो, म्हणून लाइन बोटाने हलकी धरून फ्लोटला जरा मागे ओढत न्यायचं. फ्लोट डोकं वर करून हळू चालला पाहिजे. हे हातात बसायला एक-दोन सीझन लागतात, पण बसलं की सुटत नाही.

इथल्या जुन्या लोकांची एक ट्रिक ऐकून मला फार आनंद झाला होता, ते हिवाळ्यात मॅगटना हळद लावतात! खरंच, आपलीच हळद, चमचाभर डब्यात टाकून हलवायची, रोच आणि चबला चालते म्हणतात. मी लावतो. तिने किती फरक पडतो ते मोजून सांगता येणार नाही पण माझ्या डब्यात ती असतेच. अजून एक, फार थंडीत मॅगट आखडून काडीसारखे होतात, हलत नाहीत, म्हणून थोडे छोट्या डबीत कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. झाकण मात्र घट्ट असू द्या.

कॅनॉलवर

कॅनॉलचं गणित वेगळं. स्लाउ आर्मचंच घ्या, ग्रँड युनियन कॅनॉलची ही एक फांदी, काउली पीची जंक्शनपासून स्लाउच्या बेसिनपर्यंत, म्हणजे टोकाच्या रुंद जागेपर्यंत, साधारण ५ मैल, एकही लॉक नाही, होड्या कमी. होड्या कमी म्हणजे गाळ ढवळला जात नाही, हिवाळ्यात पाणी काचेसारखं होतं, आणि मासा घाबरट. बहुतेक कॅनॉल मधोमध ४-५ फूटच खोल असतात त्यामुळे गार पण पटकन होतात. मासे सगळीकडे पसरलेले नसतात, शंभर मीटर रिकामे आणि मग एका खोलीएवढ्या जागेत शेकडो. शोधायच्या जागा म्हणजे पुलाखाली, नांगरलेल्या होड्यांच्या आसपास, होड्या वळवायला रुंद केलेली जागा, बेसिन, मरिनाचं तोंड आणि शहरातून जाणारे पट्टे. होडीत लोक राहतात, त्यांच्या खिडकीसमोर बसण्याआधी विचारायचं, बहुतेक जण हो म्हणतात आणि मासे कुठे उड्या मारतात ते पण सांगतात. नोव्हेंबर ते मार्च कॅनॉलची दुरुस्ती चालते, लॉक बंद, कधी पाणी पण उतरवतात, तेव्हा जायच्या आधी ते तपासून घ्या.

सामान इथे बारीक पाहिजे. लांब पोल म्हणजे रील नसलेली काठी महाग येते, सुरुवातीला ५ मीटरची व्हिप म्हणजे तशीच छोटी काठी पुरे, रीलची गरज नाही. लाइन बारीक, गळाजवळचा तुकडा ०.०८ मिलिमीटर, गळ २० किंवा २२, फ्लोट पाव ग्रॅमच्या आसपासचा. छर्रे अशा मापात की फ्लोटचं टोक मुंगीएवढंच वर दिसेल, नाहीतर थंडीतली ओढ कळतच नाही.

खोली मोजल्याशिवाय खाद्य टाकायचं नाही, हे लोक टाळतात आणि तिथेच हरतात. गळाला छोटं वजन अडकवून २ मीटरवर सोडा, ३ वर, ४ वर, फ्लोट किती बुडतो बघा. काठापासून तळ उतरत जातो आणि एका ठिकाणी सपाट होतो, तो उतार जिथे संपतो तीच तुमची जागा. फ्लोट असा लावा की आमिष तळाला जेमतेम टेकेल.

मग ब्रेड. ताज्या ब्रेडच्या कडा काढून मिक्सरमध्ये फिरवायचा, पाणी घालायचं नाही, हा खाद्याचा चुरा, फ्रीजरमध्ये पण टिकतो. आमिषासाठी स्लाइसवर जरा लाटणं फिरवायचं आणि पंचने बारीक गोल काढायचे, ४ ते ६ मिलिमीटरचे, पाण्यात ते फुगतात. स्लाइस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, वाऱ्यावर दोन मिनिटात वाळतो. सुरुवातीला चुऱ्याचा सुपारीएवढा एकच गोळा त्या जागी टाका. एकच. हात शिवशिवतो अजून टाकायला, पण टाकलेलं परत काढता येत नाही. पाच-दहा मिनिटात रोच यायला लागले तर ओढी पूर्ण थांबेपर्यंत दुसरा गोळा नाही. ब्रेड तास-दीड तास चालतो, मग थंडावतो, तेव्हा बारीक मॅगट म्हणजे पिंकी लावायचे आणि खाद्य म्हणून आठ-दहा पिंकी, मूठ नाही. होडी गेली तर वैतागू नका, पाणी जरा गढूळ होतं आणि साफ पाण्यात ते बरंच असतं, पाच मिनिटं थांबून परत चिमूट टाका.

शेवटच्या तासात मी एक जागा पर्चसाठी ठेवतो, समोरच्या काठाच्या झुडपाखाली नाहीतर होडीच्या टोकाशी, तिथे लांब रॉडने मोठं गांडूळ टाकायचं. लॉबवर्म फुकट मिळतात, पावसाच्या रात्री टॉर्च घेऊन लॉनवर हळू पावलं टाकत गेलं की ती गवतावर अर्धी बाहेर आलेली दिसतात, शेपटीकडून धरून सावकाश ओढायची. पर्च गांडुळासाठी वेडा असतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे उभे असतात, उचलताना डोक्याकडून मागे हात फिरवून ते मिटवा.

टोपाथवर, म्हणजे कॅनॉलच्या काठच्या पायवाटेवर, सायकलवाले आणि पळणारे असतात, मागे रॉड-पोल आडवा टाकू नका. आणि डोक्यावर विजेच्या तारा असतील तर तिथून निदान ३० मीटर लांब बसा, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, माणसं गेलेली आहेत यात.

पाइकबद्दल थोडंच

हिवाळा म्हणजे पाइकचा सीझन, पण नवख्याने एकट्याने सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. दात भयंकर, पण मासा नाजूक. जाड लाइन, वायरचा ट्रेस म्हणजे दातांनी तुटू नये म्हणून गळाजवळ लावायचा तारेचा तुकडा, मोठं जाळं, जमिनीवर टाकायची मऊ मॅट आणि लांब चिमटा यातलं एक जरी नसेल तर जाऊ नका. आमिष म्हणून मेलेला मासा, आपल्या तारली-बांगड्याचे इकडचे नातेवाईक, म्हणजे सार्डिन आणि मॅकरेल. ओढ आली की लगेच उचलायचं, गिळू दिलं तर पाइक मरतो. पहिल्या दोन-तीन वेळा अनुभवी माणसाबरोबर जाऊन गळ कसा काढतात ते बघा, मग स्वतःचं सामान घ्या.

अंगावर काय आणि माशाला हात कसा लावायचा

एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ थर जास्त. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं. बूट एक नंबर मोठा आणि आत लोकरीचे मोजे, घट्ट बुटात दोन जोड घातले तर पाय जास्त गारठतात. गारठा जमिनीतून वर येतो, पायाखाली जुन्या कार्पेटचा तुकडा टाका. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, आणि दोन टॉवेल, एक माशाचा, एक फक्त हात पुसायचा, ओले हात ठेवले की अर्ध्या तासात गाठ बांधता येत नाही. गाठी शक्यतो घरीच बांधून न्या. मी एका थर्मासमध्ये चहा आणि दुसऱ्यात मुगाची खिचडी नेतो, दुपारी दोन वाजता त्या खिचडीने जो जीव परत येतो तो सँडविचने येत नाही. खाण्याआधी हात मात्र धुवायचे नाहीतर जेलने चोळायचे, उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो आपल्याला मुंबईच्या पावसामुळे माहीत आहे, तोच इकडच्या कॅनॉलमध्येही असतो.

शून्याखाली रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ जमतो, टोक पाण्यात बुडवलं की निघतो, जोर लावून मोडू नका.

मासा हातात घेण्याआधी हात पाण्यात बुडवायचे, कोरडे हात त्याचा चिकट थर काढतात. गोठलेल्या गवतावर मासा कधीच ठेवायचा नाही, आणि फ्रॉस्ट असेल तर हवेत धरून फोटो काढत बसायचं नाही, कल्ले आणि डोळे नाजूक असतात. गळ जाळ्यातच पाण्यावर काढा. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून धरा, थंडीत त्याला सावरायला वेळ लागतो, तो स्वतःहून हातातून निघेल तेव्हाच सोडा.

आणि आपला जीव. काठ निसरडा असतो, कॅनॉलवरच्या बर्फावर पाय ठेवायचा नाही, कितीही जाड दिसला तरी. आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट मी प्रत्येक वेळी घालतो. चुकून पडलात तर पहिल्या एक-दोन मिनिटात थंडीच्या धक्क्याने श्वास फुलतो, माणूस धडपडतो आणि पाणी गिळतो, तेव्हा पोहायची घाई करायची नाही, डोकं मागे टाकून, हातपाय पसरून पाठीवर तरंगत राहायचं, श्वास जागेवर आला की मग काठ धरायचा नाहीतर हाक मारायची. घरी सांगून जा, कुठल्या पुलापाशी बसणार ते पण सांगा, कॅनॉलच्या पुलांना नंबर असतात.

घरी आल्यावर

जाळं, मॅट, बूट धुऊन पूर्ण वाळवायचे, एका पाण्यातले रोग आणि परदेशी शेवाळ-किडे दुसऱ्या पाण्यात न्यायचे नाहीत म्हणून. उरलेले मॅगट फ्रिजमध्ये, वेगळ्या बंद डब्यात, आणि घरच्यांची परवानगी घेऊन.

आणि वही लिहायची, त्याच रात्री. तारीख, वारा, पाण्याचं तापमान, पातळी चढती का उतरती, कोणती जागा, किती वाजता. माझ्या वहीत मागच्या जानेवारीतलं एक पान आहे, पाणी ५ अंश, तीन दिवस तेवढंच, उतरतं, रंग हिरवट, तिसऱ्या विलोखाली, पावणेचार वाजता चब, चार वाजून दहाला अजून एक. या जानेवारीत पाणी उतरून ५ वर टेकलं की मी दुपारी तीनला त्याच विलोखाली असणार.